व्याही आले, मी ध्यानात होतो

मन शांत करायला बसल्यामुळे पोरीचं लग्न मोडायची वेळ येऊ शकते, हे ध्यानाच्या कुठल्याही वर्गात सांगत नाहीत.

आमच्या वर्गातही नाही सांगितलं. त्या थंडीत माझं बीपी असं चढलं होतं, की डॉक्टरांनी पट्टा मला दोनदा बांधला, मग यंत्र बिघडलं की काय म्हणून स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला, आणि म्हणाले, "गोळी देतो. पण रोज वीस मिनिटं काहीही न करता बसायचं."

"ऑफिसात बसतोच," मी म्हटलं. (मी कारकून आहे.)

"डोळे मिटून," डॉक्टर म्हणाले. मी तेही सांगणार होतो, पण बायको सोबत होती.

बीपी चढायचं कारण म्हणजे आमच्या रश्मीचं लग्न. मुलगा तिनं स्वतःच पाहिला होता. सोबतच नोकरीला, मूळ कुहीकडचा, स्वभावानं शांत. वडील मात्र शांत नव्हते. धानाची शेती, शब्दाचे पक्के आणि मानाचे त्याहून पक्के. थोरल्या मुलाच्या वेळी एका ठिकाणी मुलीचा काका खुर्चीतून उठला नाही, म्हणून हे गृहस्थ पोह्यांना हात न लावता जीपमध्ये जाऊन बसले होते. ते लग्न तिथंच संपलं.

"बाबा, ते आले की फक्त उभे राहा," रश्मी मला आठ दिवस सांगत होती. "बाकी काही नाही केलं तरी चालते."

एवढंच काम. उभं राहायचं. वर्षाचं पोर करतं.

रविवारी अकराला पाहुणे येणार होते. सव्वानऊला मी समोरच्या खोलीत सतरंजी टाकली, माकडटोपी घातली, अंगावर शाल घेतली आणि मोबाईल पुढ्यात ठेवून मांडी घातली. वीस मिनिटांनी मोबाईलमध्ये घंटी वाजायची. तोवर डोळे उघडायचे नाहीत. ऊन यावं म्हणून दार उघडंच होतं. रश्मी आणि तिची आई आत स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या सांभारवड्या करत होत्या, मिक्सर सुरू होता.

मोबाईलची बॅटरी मध्येच संपली. हे मला कसं कळणार? माझे डोळे मिटलेले.

कुहीकडची मंडळी वाटेत धुकं लागेल म्हणून अंधारातच निघाली होती. धुकं लागलं नाही. त्यामुळे ती दीड तास आधी पोचली.

"रामराम," दारातून आवाज आला.

आता गंमत अशी, की आमच्या वर्गातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्याची काळजी असते, त्याचेच आवाज मन काढतं. कुतूहलानं ऐका. उत्तर देऊ नका." मला काळजी व्याह्यांची होती आणि आवाज व्याह्यांचा आला. मॅडमबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

"घरात कोणी नाही काय गा?"

मी कुतूहलानं ऐकलं. चपला वाजल्या. मोजल्या, चार जण. बांगड्या वाजल्या म्हणजे त्यात एक बाई. मग तंबाखूच्या खर्र्याचा वाससुद्धा आला. आपल्या मनात एवढी कारागिरी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे बसून आहेत ना समोर. उठून काहून नाही राहिले?" हा जाड आवाज.

"भाऊजी, ध्यान करून राहिले वाटते," दुसरा.

"आपल्याले पाहूनही?"

"डोळे मिटलेले आहेत त्यायचे. पाहतीन कसे?"

चपला जागीच घुटमळल्या. मग जाड आवाज म्हणाला, "पूजेतल्या माणसाले उठवत नाही कोणी. यायच्या घरची पद्धत असन ही. बसा सगळे. मिटा डोळे."

सोफा करकरला. आणि तिथं माझं कुतूहल संपलं. मन आवाज काढेल, वास काढेल, पण आमच्या सोफ्याची डावी स्प्रिंग? ती वजन पडल्याशिवाय वाजत नाही.

मी डावा डोळा बारीक उघडला. सोफ्यावर व्याही, विहीणबाई, नवरदेव आणि नवरदेवाचे मामा, चौघेही डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हणजे तिघे मिटून. मामांचा उजवा डोळा बारीक उघडा होता आणि तो माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहत होता. दोघांनीही झटकन मिटले.

आता आली पंचाईत. उठावं, तर पाहुण्यांचं ध्यान मोडतं. न उठावं, तर जीप दारातच उभी. पाहुणे यजमानाच्या आधी डोळे उघडायला तयार नव्हते आणि यजमान पाहुण्यांच्या आधी. शांत बसल्यानं छातीतली धडधड कमी होते म्हणतात. माझी सोफ्यापर्यंत ऐकू जात असावी.

अर्ध्या तासानं पीठ लागलेल्या हातांनी बायको बाहेर आली. तिच्या बांगड्या दारात थबकल्या.

"अहो," ती हळूच म्हणाली. कोणी हललं नाही. "अहो, कोण आहेत हे? काय करून राहिले तुम्ही सगळे?"

ती आत पळाली. आत कुजबुज झाली, आणि मग रश्मीनं देवघरातली घंटी आणून दोनदा वाजवली. (पोरगी माझ्यावर गेलेली नाही.)

पाचही जणांनी एकदम डोळे उघडले.

"या, या," म्हणत मी ताडकन उठलो. म्हणजे मी उठलो, पाय उठले नाहीत. पाऊण तासाच्या मांडीनं ते कमरेखाली कुठंतरी झोपी गेले होते. एक क्षण मी खरोखर उभा होतो, रश्मीनं पाहिलंय. दुसऱ्या क्षणी मी माकडटोपीसकट व्याह्यांच्या पायांवर लोटांगण घातलं.

"अरे बाप्पा, हे काय करता?" व्याही धडपडत उठले. त्यांनी आणि मामांनी मला काखेत धरून उचललं आणि त्याच सोफ्यावर बसवलं. व्याह्यांचे डोळे पाणावले होते. "आजवर आमच्यासाठी लोक उभे राहिले. आडवं कोणी झालं नाही."

मी पोटऱ्या चोळत राहिलो. पायांना मुंग्या आल्या होत्या.

"खरं सांगू काय?" व्याही बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी आम्हाले कवाचीच पसंत होती. भेव यायचं होतं."

"यांचं?" बायको म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हा आमचा साळा एकदा कोराडीच्या बसमध्ये यायच्या बाजूले बसला होता. याचा स्टॉप गेला, बस डेपोत लागली, तरी यायचं बोलणं सुरूच. आम्ही म्हटलं, जन्मभराची सोयरीक आहे, आधी माणूस पाहून येऊ. इथं पाहतो तं अर्धा तास झाला, एक शब्द नाही. माणूस असा बदलत असन तं आमची ना कायले?"

मामांनी मान डोलावली. मी त्यांना आत्ता ओळखलं. त्या दिवशी माझाही स्टॉप गेला होता, आणि खरी मजा तर डेपोत झाली होती. मी सांगायला तोंड उघडलं.

बायकोनं त्यात अख्खी सांभारवडी घातली.

पुढची सगळी बैठक ती माझ्या शेजारी प्लेट घेऊनच बसली. साखरपुडा कधी, लग्न कुठं, मानपान किती, हे सगळं त्या चौघांनी आणि तिनं ठरवलं. शेवटी व्याह्यांनी मला रीतसर विचारलं, "मंग सोयरीक पक्की समजायची ना?" तेव्हा मी पाचव्या सांभारवडीवर होतो. एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला बापानं होकार मान हलवून दिला, आणि ती वेळेवर हलावी म्हणून मागून बायकोनं एक बोट लावलं होतं.