दोघांच्या गटात दुसरा

आदिलाबादच्या कराटे स्पर्धेत पंचेचाळिशीपुढच्या गटात आम्ही दोघेच होतो. म्हणजे रौप्यपदक मला घरूनच मिळालं होतं. तरी मी सुवर्णाचीच स्वप्नं पाहत होतो.

दुसरा स्पर्धक नेरडीगोंड्याकडचा, कापूस पिकवणारा शेतकरी. गणवेश धुऊन धुऊन पातळ झालेला, टाचांना भेगा. काता म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने लढायचं. त्याने अगदी नवशिक्यांना शिकवतात तो काता केला. पण प्रत्येक वळणाआधी तो मान वळवून असा पाहायचा, की मीही तिकडे पाहिलं.

मी सगळ्यात अवघड काता निवडला होता. आरोळी ठोकली, उडी मारून वळलो आणि पुढचं सगळं विसरलो. मग काहीतरी करायचं म्हणून तीच आरोळी पुन्हा ठोकली.

बाहेर आल्यावर त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"कसं विसरलो, कोण जाणे," मी म्हणालो.

"साहेब, तुमी परीक्षकाकडं पाहून राह्यले होते," तो हळूच म्हणाला. "मारनारा तर मागून येऊन राह्यला होता."

तीन वर्षं मी रोज गच्चीवर हवेत हात मारत होतो. तिथे कोणी आहे, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

बक्षिसाआधीच तो चारची बस धरायला निघून गेला. फोटोत पहिली पायरी रिकामी आहे आणि दुसरीवर मी, छाती काढून.

"पहिला कोणी नव्हताच का?" ऑफिसात पेढे वाटताना फोटो पाहून एकाने विचारलं.

'होता' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्यात पेढा टाकला.