फुगडीची काठी

आमच्या घरच्या मराठीत ‘खेळ’ या शब्दाला एकच अर्थ होता. गौरी-गणपतीच्या दिवसांत बायका देवळापुढे फुगड्या घालत, झिम्मा खेळत, ते खेळ. शाळेत मुलं धावत, उंच उड्या मारत, चेंडू लाथाडत, त्याला सगळे आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीतला ‘स्पोर’ म्हणत. हे दोन शब्द एकमेकांच्या वाटेला कधी गेले नव्हते. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, सें पिएर या मोठ्या गावापासून पायी तासाभरावरच्या आमच्या खेड्यात, माझ्या आत्याने त्यांची गाठ घालून दिली. तिचा तसा काही इरादा नव्हता.

आत्या वडिलांची धाकटी बहीण, सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. संध्याकाळी ती देवळाच्या पडवीत भरणाऱ्या बैठकेत, म्हणजे गावच्या शिकवणीत, मराठी शिकवायची, आणि तिची मराठी भारतातून आलेल्या पुस्तकांतली होती. त्या वर्षी सें पिएरच्या मैदानावर आसपासच्या शाळांच्या शर्यती व्हायच्या होत्या, आणि त्यात पहिल्यांदाच मुलींची रिले ठेवली होती. शर्यती भरवणाऱ्या मास्तरांनी आत्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, की तुमच्या गावच्या पोरी साडी खोचून धावणार की नुसत्या टाळ्या वाजवायला येणार. आत्याने तिथल्या तिथे शब्द दिला, की आमच्या चौघी येतील आणि धावतील. त्या चौघींतली मी एक. मला तेरावं लागलं होतं.

शाळेच्या अंगणात दोन फणसांमधून एका वेळी दोघीच धावू शकत. सपाट, मोकळी जागा गावात एकच, देवळाचं पटांगण; आणि ते समाजाच्या परधानांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, ताब्यात. सगळा गाव त्यांना परधानकाका म्हणे. आत्या त्यांच्या ओट्यावर गेली, मी सोबतीला होते. तिने सरळ सांगितलं, “काका, पोरींचे खेळ बसवायचे आहेत. पटांगण हवंय.”

गौरी महिन्यावर आल्या होत्या. काकांचा चेहरा उजळला. हल्लीच्या पोरींना फुगडी येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. “बसवा, बसवा. रोज बसवा,” म्हणाले. आत्या परतताना इतकी भराभर चालत होती, की मला तिच्यामागे धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघी पटांगणात हजर. पिठाच्या गोणीच्या कापडाच्या, गुडघ्यापर्यंतच्या निळ्या रंगवलेल्या चड्ड्या आत्याने रात्री जागून शिवल्या होत्या. रिलेत एकीने दुसरीला द्यायची काठी म्हणून उसाचं एक कांडं होतं. थोड्याच वेळात समोरच्या वाटेने बायका येऊ लागल्या. नव्या साड्या, केसांत फुलं, एकीच्या गळ्यात ढोलक. पुढे परधानकाकांची बायको, आमची काकी. काकांनी घरोघर निरोप धाडला होता, की मास्तरीण पोरींचे खेळ बसवतेय, जाणत्या बायकांनी गाणी सांगायला जावं.

दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. ढोलकवालीने आमचे पाय वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“आगं, ह्या सालाला गौरी चड्डीत नाचवायची हाय काय?”

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आत्याचे कान लाल झाले. तेवढ्यात काका आले. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ते हसले नाहीत. पटांगण खेळासाठी दिलंय, स्पोरसाठी नाय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आत्या म्हणाली, पुस्तकात दोन्हींना खेळच म्हणतात. काका म्हणाले, पुस्तक ह्या गावात राहात नाय.

मग आत्याने तडजोड सुचवली. आधी खेळ, मग स्पोर. रोज अंधार पडेपर्यंतचा अर्धा वेळ फुगडी, अर्धा वेळ धावणं. काकांनी काकीकडे पाहिलं. काकीने पदर खोचला होता. ठरलं.

पुढचे दिवस आठवले की अजून पाय शिवशिवतात. ऊसतोड सुरू होती, रोज एखादं शेत रिकामं होई आणि मोकाचे डोंगर आणखी जवळ आल्यासारखे वाटत. गार वारा सुटे. आम्ही आधी फुगड्या घालायचो. हात गुंफून, मागे झुकून, सगळा भार जोडीदारणीच्या मनगटांवर टाकून. छाती भरून येई, तशाच आम्ही धावायला सुटायचो. बायका आधी नुसत्या बघत. मग फुगडीला उतरल्या. मग आम्ही धावत असताना बसून अंग गारठतं म्हणून पटांगणाला फेऱ्या घालू लागल्या, आणि चालता चालता आमच्यावर शेरे मारू लागल्या. उसाचं कांडं सराव संपला की आम्ही खाऊन टाकायचो, त्यामुळे काठी रोज नवी.

एक अडचण मात्र सुटेना. काठी देताना आमचा हात सुटायचा नाही. फुगडीत हात सोडला तर जोडीदारीण आपटते, हे रोजच्या सरावाने मनगटात मुरलं होतं. देणारी धरून ठेवायची, घेणारी ओढायची, आणि दोघी एकच कांडं धरून शेजारी शेजारी धावत सुटायच्या. काकी ओरडायची, “काय गं, एकाच नवऱ्याच्या दोन बायका काय?” आत्या डोक्याला हात लावून बसायची.

उत्तर आमच्यातल्या सगळ्यात बुटकीने काढलं, तेही चेष्टेत. फुगडी संपवायची वेळ आली की आम्ही दोघी मिळून ‘फू’ म्हणायचो आणि मगच हात सोडायचो. एकदा काठी देताना ती तशीच ‘फू’ म्हणाली. माझा हात मागे तयार होता. काठी अलगद माझ्या मुठीत आली, मागची पकड नाहीशी. मी इतकी चकित झाले की पटांगण ओलांडून थेट उसात शिरले.

त्यानंतर एकही काठी अडली नाही.

गौरी आल्या, खेळ झाले, गौरी गेल्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परधानकाकांनी पटांगणाच्या फाटकाला दोरी बांधली. खेळ संपले, म्हणाले. शर्यत अजून पुढे होती. आत्याने विचारलं तेव्हा काकांच्या मनातलं खरं बाहेर आलं. देवळापुढे आपल्या माणसांत धावल्या ते ठीक, पण सें पिएरात परक्या गर्दीपुढे गावच्या पोरी उघड्या पायांनी धावणार नाहीत. ते नको म्हणाले की आमच्या घरचेही नकोच म्हणणार, हे आत्याला माहीत होतं. बैठकेत त्या संध्याकाळी तिने फळ्यावर काहीही लिहिलं नाही. तिने दिलेला शब्द खोटा पडत होता.

रविवारी समाजाची सभा पडवीत भरली. बायका सभेत मागे बसत आणि बोलत नसत. काकी उठली.

“गौरी आणलीत तर नदीपर्यंत पोचवता ना?” तिने नवऱ्याला विचारलं.

“पोचवतो.”

“रस्त्यानं, सगळ्या जगापुढं, नाचत?”

“रीत हाय ती.”

“मग ह्या पोरींना अर्ध्या वाटेत का टाकताय?”

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ह्यांची नदी कुठं हाय?”

“सें पिएरात,” काकी म्हणाली.

आधी पुरुष हसले, मग काका. संध्याकाळी दोरी सुटली.

शर्यतीच्या दिवशी उसाची लॉरी झाडूनपुसून गाव निघाला. विसर्जनाला जायचा तसाच. ढोलक पुढे, काका चालकाशेजारी. मैदानावर दुसऱ्या शाळांच्या मुली पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत होत्या. आम्ही अनवाणी. काठी या वेळी लाकडाची, रंगवलेली, खाता न येणारी.

आमची पहिली मुलगी मागे पडली. दुसरी ती बुटकी; तिने एकीला गाठलं. मला पावलं ऐकू आली, मग ‘फू’, आणि काठी हातात. माझ्यापुढे दोघी होत्या. मला आठवतं ते एवढंच, की ढोलक माझ्या छातीत वाजत होतं आणि जमीन मऊ लागत होती. मी दोघींच्या पाठोपाठ पोचले. अगदी पुढच्या संघाची काठी देताना निसटली आणि गवतात घरंगळली. मी ‘फू’ म्हटलं, बोटं उघडली, आणि आमची शेवटची मुलगी सुटली.

तेव्हा दोरीपलीकडून एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. “गालुपे, बाय माझे, गालुपे!” धाव, असं क्रेओलमध्ये ओरडणारे परधानकाका होते, टोपी हातात, एक पाय मैदानात.

आम्ही दुसऱ्या आलो. शर्यती भरवणारे मास्तर आत्याजवळ येऊन विचारू लागले, त्या मुली काठी देताना काय म्हणतात. आत्याने त्यांना सांगितलं, तो आमचा गावचा खेळ आहे.

परतताना लॉरीत काका मागे, आमच्यात येऊन बसले. पुढल्या सालाला खेळ लवकर बसवायला घ्या, म्हणाले.

“कुठला खेळ, काका?” बुटकीने विचारलं.

काकांनी विचार केला. लॉरी उसाच्या दोन भिंतींमधून चालली होती. मग ते म्हणाले, “पटांगण एवढं मोठं हाय. दोन्ही मावतील.”