बर्फातली माणसं सापडतात

माझा भाऊ समुद्रात बेपत्ता झाला, त्याआधी मी रहस्यकथांच्या वाटेला कधी गेले नव्हते. खून, पोलीस, पंचनामा, हे सगळं मला रिकामटेकड्यांचं वाटायचं. आता डहाणूच्या वाचनालयातले काका मी दारात दिसले की न विचारता कपाटाकडे वळतात आणि म्हणतात, बर्फाचं नवीन आलंय. बहुतेक भाषांतरं असतात. ती संपली तशी मी इंग्रजीतली मोबाइलवर वाचायला लागले, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, डबा एकीकडे नि प्रेत एकीकडे.

त्या कादंबऱ्या सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. जगाच्या टोकाला मूठभर घरांचं गाव, हिवाळ्यात सूर्याचा पत्ता नाही, बाहेर पडायचा एकच रस्ता आणि तो नेमका बंद. शहरातून आलेला इन्स्पेक्टर घटस्फोटित असतो, त्याचं पोट बिघडलेलं असतं आणि गावात कोणी त्याच्याशी धड बोलत नाही. खुनी कोण हे मला बरेचदा अर्ध्यातच कळतं, नाही कळलं तरी माझं काही अडत नाही. मी वाचते ती त्या एका पानासाठी. बर्फ वितळायला लागतो, कुणाचा तरी कुत्रा एका जागी थांबून भुंकतो आणि नाहीसा झालेला माणूस सापडतो. जसाच्या तसा. बायको येऊन बघते आणि मान हलवते, हाच तो. त्या बाईचा मला हेवा वाटतो, आणि हे लिहिताना मला लाजही वाटत नाही.

आमच्या वरोरच्या समुद्राने काहीच परत दिलं नाही. वारा सुटला, होडी उलटली, बरोबरच्या दोघांना दुसऱ्या होडीने उचललं, भाऊ दिसलाच नाही. शोधणारे शोधून थकले. त्याला आता दोन पावसाळे झाले.

वहिनीला या पुस्तकांची गोडी मीच लावली. रविवारी मी माहेरी वरोरला जाते. वहिनी घरामागच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळत घालत असते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने बांबूवर टाकत, आणि मी पायरीवर बसून वाचून दाखवते. गोठलेले तलाव, हाडं फोडणारी थंडी, याचं तिला फारसं कौतुक नाही. आमच्याकडे बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, होडीत मासळीवर टाकायला. पहिल्यांदा प्रेत सापडल्याचं प्रकरण ऐकलं तेव्हा ती म्हणाली, मासळीसारखंच मग, बर्फात टिकतं. मला पुढे वाचवेना. तिनेच दटावलं, थांबलीस का म्हणून.

यंदा माघात बाबांनी विषय काढला. ते भटजींना विचारून आले होते. देह मिळाला नसेल तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचे कपडे घालतात आणि रीतसर अग्नी देतात. बाबांचं म्हणणं, पोराचा जीव अधांतरी लोंबकळतोय, माझेही गुडघे गेलेत, माझ्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे. आईने पदर तोंडाला लावला, पण नको म्हणाली नाही. वहिनीशी बोलायचं धाडस मात्र दोघांनाही होईना, कारण पुतळा जळला की तिच्या गळ्यातलं काढावं लागणार. एका घरात राहून ते तिच्याशी बोलणार नाहीत आणि मी डहाणूहून येऊन बोलायचं. तुझं ती ऐकते, म्हणाले. मला बाबांचा संताप आला.

तरी गेले. आणि शहाणपणा असा केला की मुद्दाम एक कादंबरी निवडून नेली. तिच्यात हरवलेल्या माणसाची बायको हिवाळाभर वाट बघते, बर्फ वितळल्यावर तो सापडतो, ती त्याला पुरते आणि पुन्हा उभी राहते. मला वाटलं, माझ्या तोंडून निघणार नाही ते पुस्तक बोलेल. शेवटचं प्रकरण मी सावकाश वाचलं. वहिनीने हातातले बोंबील टोपलीत ठेवले.

"बरी आहे ती," ती म्हणाली. "तिला दाखवला तरी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांनी पाठवलंय ना तुला?"

मी पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं, पुतळ्याचं, भटजींचं, बाबांच्या गुडघ्यांचंसुद्धा. भांडेल, रडेल, मला वाटेला लावेल, असं काहीबाही मनात होतं. तिने फक्त आईंचं काय म्हणणं आहे ते विचारलं. आई गप्प आहे, मी म्हटलं. तशी ती बराच वेळ हात धूत बसली आणि मग म्हणाली, करू दे. म्हाताऱ्या माणसांना झोप नाही, तेवढी तरी लागेल. गळ्यातलंही काढते म्हणाली. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याचीच शरम वाटली.

विधीच्या दिवशी भटजींनी दर्भ बांधून पुतळा तयार केला. आईने वहिनीला भावाचा शर्ट आणायला सांगितलं. ती आत जाऊन एक निळा शर्ट घेऊन आली, कोरा, दुकानातल्या घडीचा, कॉलरखाली पुठ्ठा आणि टाचण्या तशाच. तो आईच्या हातात देऊन ती परत आत गेली. भटजी म्हणाले, वापरातला हवा, अंगाला लागलेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मीच.

वहिनी कपाटाला पाठ लावून उभी होती. गळा मोकळा होता, कुणी सांगायच्या आधीच. त्याच्या वापरातला एक दे, मी म्हटलं.

"ते नाही देणार," ती म्हणाली. "तो आला तर घालेल काय?"

मी बाहेर आले आणि भटजींना सांगितलं की वापरातला एकही उरलेला नाही. आईला कपाट ठाऊक होतं. तिने तो निळा शर्ट माझ्या मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघी टाचण्या काढायला बसलो.