मिक्सर पुढे गेला

"अन्वरशेठ, मिक्सर कुठंय? माझी माणसं विड्या ओढत बसलीत!"

नागावचे कॉन्ट्रॅक्टर पाटील फोनवर ओरडत होते. एका होमस्टेचा स्लॅब त्या दिवशी टाकायचा होता. स्लॅब एका दमात ओतावा लागतो. आज अर्धा, उद्या अर्धा केला की सांध्यातून पाणी गळतं.

"दुपारपर्यंत आला नाही तर अलिबागवरून मागवतो. आणि मग कायमचा तिकडूनच!"

पाटील म्हणजे माझं एकमेव पक्कं गिऱ्हाईक. मस्कतला मशिनरीच्या यार्डात उमेदीची वर्षं घालवून मी रेवदंड्याजवळ गावी परतलो आणि मशीन भाड्याने द्यायचा धंदा काढला. एक पाण्याचा पंप, एक काँक्रीट फोडायचा ब्रेकर आणि एक हाफ बॅग मिक्सर, म्हणजे एका वेळी अर्धी गोणी सिमेंटचा माल कालवणारा चाकांवरचा ड्रम. तेव्हा माझे मेहमूदमामू भर लग्नात म्हणाले होते, "लोक गल्फवरून सोनं आणतात. आमच्या भाच्यानं चिखल कालवायचं भांडं आणलं!" जेवायला बसलेलं सगळं दस्तरखान हसलं. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

मिक्सर मी मोहल्ल्यातल्या रऊफला कंपाउंडच्या पायासाठी दिला होता. कालच परत यायचा होता. मी तणतणत त्याच्याकडे गेलो. रऊफ निवांत चहा पीत होता.

"मिक्सर?"

"तो पुढे गेला ना. जुबेदाखालाकडे."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? माझं काम झालं, तिचं निघालं."

जुबेदाखालाची मोरी झकास झाली होती. "ये बेटा, सांदण खा."

"खाला, मशीन!"

"ते पुढे गेलं. तुझ्या मामूकडे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाचे मोठे टोप जमातीचे असतात. एकाचं लग्न उरकलं की टोप परत ठेवायला कोणी जात नाही. पुढचं लग्न ज्याच्या घरी, तो येऊन उचलून नेतो. माझ्या मिक्सरचा मोहल्ल्याने टोप केला होता. चोरी कोणीच केली नव्हती, त्यामुळे शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

मामूंच्या अंगणात ड्रम गरगरत होता. मामू लुंगी खोचून हुकूम सोडत होते. समोर अर्धा ओटा तयार.

"बंद करा. मशीन नेतोय मी."

"ने की. पण त्याच्या पोटात माल हाय, त्याचं काय?"

माल ड्रममध्ये सुकला की ड्रम भंगारात. मी म्हणालो, "एवढा ओततो आणि निघतो. बाकीचा ओटा तुम्ही हाताने कालवून उद्या करा."

"आज अर्धा, उद्या अर्धा? सांध्यातून पाणी गळतं, असं गावभर तूच सांगत फिरतोस ना?"

बाजारात मला कोणी असं कोंडीत पकडलेलं नाही. पण मीही मामूंचाच भाचा. त्यांचा मासळीचा टेम्पो दारातच उभा होता.

"ओटा पुरा करतो. पण तुमच्या टेम्पोने मिक्सर ओढत नागावला न्यायचा. आत्ता. डिझेल तुमचं."

"मामूकडून डिझेल घेणार?"

"भाडं मागत नाही, हे नशीब समजा."

मग मी खोरं उचललं आणि ज्या माणसाने माझी भर लग्नात इज्जत काढली, त्याचा ओटा घाम गाळून ओतला. मामू खुर्चीत बसून बोट दाखवत होते. "तिकडे उतार कमी हाय."

दुपारच्या आत आम्ही नागावला पोचलो. पाटील तोंड उघडणार तेवढ्यात मामूच टेम्पोतून उतरले. "शेठ, रागावू नका. मशीन आधी घरच्या ओट्यावर चालवून बघितलं, मगच तुमच्याकडे आणलं. गल्फची पद्धत हाय ही!"

पाटलांना ते पटलं. स्लॅब संध्याकाळपर्यंत पुरा झाला, आणि त्यांनी पुढचं कामही मलाच दिलं.

तेव्हापासून माझा नियम एकच: मशीन ज्याच्या अंगणात सापडेल, भाडं त्याने भरायचं. आता काम संपायच्या आधीच लोक फोन करतात, "बाबा, घेऊन जा." म्हणून सांगतो, ओळखीच्या माणसाला मशीन देताना त्याला पारखत बसू नका. त्याच्या पुढचं घर कोणाचं आहे, ते बघा.

मामू अजूनही त्या ओट्यावर बसून चिखलाच्या भांड्याचा किस्सा सांगतात. पावसात तिथे थेंबभर पाणी साचत नाही. उतार माझ्या हातचा आहे.