तारमास्तरांची पोच

करमाडला आमच्या विहिरीत दोन वर्षं नुसता गाळ होता. वडील रोजंदारीसाठी शेंद्र्याच्या एका कंपनीच्या गेटवर उभे राहायचे, आई टँकरच्या रांगेत. मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात शहरातल्या वसतिगृहात जागा मिळाल्याचं पत्र आलं, पण ते गावातल्या किराणा दुकानात आलं आणि दुकानदाराच्या हातून साखरेच्या पोत्यामागं पडलं. माझ्या हाती लागलं तेव्हा मुदत संपून गेली होती. मग तीन वर्षं एसटीनं जाऊन-येऊन पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी ठासून सांगते, आणि का सांगू नये?

नोकरी लागल्यावर शहागंजात भाड्याची खोली घेतली. खालच्या खोलीत तारमास्तर एकटे राहायचे. तारघरातून निवृत्त झालेले, पुढं तारच बंद झालेली. हा माणूस मात्र पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकला होता आणि बाजारातल्या दोन-चार दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळत होता. जास्तीचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "चहा. खाली ये," एवढंच आमंत्रण.

त्यांची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं. तारेत तशी रीत होती म्हणे. दूधवाला सलीमभाई रोज सकाळी दारात उभा राहून म्हणायचा, "कल आधा लिटर, भैंस का," आणि वर हसायचा, "मास्तर, दूध देतो का निकाह कबूल करतो मी?" मास्तर हसत नसत. पुन्हा म्हणवून घेत.

मला फोरम काढायचा होता. माझ्यासारख्या मुलींनी अर्ज, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांबद्दल विचारावं आणि माहीत असेल तिनं सांगावं, अशी आपल्या मालकीची जागा. मोबाइलच्या ग्रुपवर आज सांगितलेलं उद्या वर वाहून जातं. मी तीन क्लाउड कंपन्यांची यादी घेऊन खाली गेले. मास्तरांनी तीन प्रश्न विचारले. "मशीन कुठंय? बंद पडली तर बोलायला माणूस हाय का? उद्या सामान उचलून दुसरीकडं न्यायचं म्हटलं तर नेऊ देतील का?" दोन नावं तिथंच गळाली. उरलेल्या कंपनीची एक लहानशी मशीन भाड्यानं घेतली. तिच्यावर फोरम बसवला, तर म्हणाले, "आता त्याची नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर उभी करून दाखव. मग बोलाव पोरींना." तेही केलं.

अडलं ते ई-मेलवर. नवीन मुलगी नाव नोंदवते तेव्हा तिला एक पत्र जातं, त्यातली लिंक दाबली की ती आत. ते पत्र पाठवायचं काम मास्तर एका वेगळ्या मेल-कंपनीला दे म्हणत होते.

"काका, घर आपलं आणि टपाल परक्याच्या हातात? सगळं आपल्याच मशीनवरनं जाईल."

"मशीनचा पत्ता आपल्याकडं नवा हाय, बाई. मोठे मेलवाले ओळख बघतात. ओळख नाय तर दारात उभं करीत नाहीत."

"मी शिकलेली आहे, काका."

"व्हय. म्हणून तर सांगतोय," ते म्हणाले आणि किटलीवर झाकण ठेवलं.

मी माझंच खरं केलं. मेल-सर्व्हर आमच्याच मशीनवर बसवला. नोंदीत ओळीखाली ओळ: पाठवलं, पाठवलं. खाली जाऊन दाखवलं. मास्तरांनी चष्मा काढला. "हे तुझी मशीन म्हणती. पोरी काय म्हणतात?"

ते मी कुणाला विचारलं नव्हतं.

महिनाभरानं दारात एक मुलगी आली. फर्दापूरची. वसतिगृहाच्या अर्जाला कुठला दाखला लागतो एवढं विचारायला तिनं फोरमवर नाव नोंदवलं होतं. आमचं पत्र तिला दिसलंच नाही. शोधल्यावर कळलं, आमच्या मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता आधी दुसऱ्या कुणाकडं होता, त्यानं त्यावरून कचरा पाठवलेला, म्हणून आमची पत्रं थेट स्पॅममध्ये पडत होती. अर्जाची मुदत टळली. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्ही मला घेतलंच नाय."

मी खाली गेले. मास्तरांनी सगळं ऐकलं. मी सांगितलं नव्हतं का, असं ते म्हणाले नाहीत. "बस. चहा," म्हणाले.

मग मेल-कंपनी घेतली. आमच्या नावानं पत्र पाठवायचा अधिकार तिला आहे, हे डोमेनच्या नोंदीत लिहावं लागतं. लांबलचक अक्षरं होती. मास्तर एकेक वाचत, मी परत म्हणत टाइप करत होते. नंतर अडकलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी स्वतः फोन लावला. "तारमास्तर बोलतोय. पत्र पाठवलं. आलं? वाचून दाखव, बेटा." आठवडाभर त्यांच्या खोलीतून इतका आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. एरवी त्यांचा फोन महिन्यातून एकदा वाजे, परदेशातल्या मुलाचा, आणि लगेच बंद होई. त्याबद्दल ते एकदाच बोलले. "ऐकलं म्हणतो. परत म्हणून दाखवत नाय."

पुढं मी बीड बायपासकडं फ्लॅट घेतला. तिथं नव्या इमारती उठल्या होत्या आणि पाणी टँकरचं होतं. फोरमचं दर रविवारी सगळ्यांना एक पत्र जायचं. मास्तरांचं उत्तर तासाभरात यायचं, एका शब्दाचं: "पोचलं." मी बघायचे आणि कामाला लागायचे. त्यांना उलट एक ओळ मी कधी लिहिली नाही.

एका रविवारी उत्तर आलं नाही. वाटलं, नेट गेलं असेल. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी शहागंजात गेले. कुलूप होतं. सलीमभाई सायकल धरून उभा राहिला. "मास्तर गेले, बेटा. पंधरा दिन हो गए. मुलगा आला, खोली खाली करून गेला. आखरी दिन तक मेरेसे बुलवाके लिए, आधा लिटर, भैंस का."

त्यांचा पत्ता मी यादीतून काढलेला नाही. रविवारी पत्र जातं आणि मेल-कंपनीची नोंद सांगते की पोचलं. ते मशीनचं म्हणणं.

फर्दापूरच्या मुलीनं दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. दाखला कुठला, ते तिला फोरमवर कळलं होतं. जागा मिळाल्याचं पत्र मुदतीच्या आत तिच्या हातात पडलं. तिनं मला फोन केला आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचून दाखवलं.