चैतालीचा कॅच आणि आमची उत्तर समिती

माझ्या मुलीचं लग्न एका सुटलेल्या कॅचमुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो कॅच मी सोडलेला नव्हता.

सोडला होता चैतालीने. चैताली म्हणजे भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावची विकेटकीपर. वडिलांची होडी, आणि घर अशा गल्लीत की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. चेंडू समुद्रात जाऊ नये म्हणून जी पोरगी भावांच्या मागे उभी राहायला शिकली, ती महिलांच्या लीगमध्ये टीव्हीवर दिसली आणि अख्खं भाईंदर फुगलं. आम्ही राहतो नवघरला. पालीला जातो ते कुणी पाहुणा ‘समुद्र दाखवा’ म्हणून हटून बसला तरच. पण चैताली टीव्हीवर आली त्या दिवसापासून ती ‘आपली’ झाली.

पहिल्याच सामन्यानंतर तिची मुलाखत झाली. “बॉल वलत व्हता, पन मी घाबरली न्हाय,” असं ती सरळ आपल्या बोलीत म्हणाली. झालं! मोबाईलवर लोक तुटून पडले. कुणी तिच्या बोलण्याची नक्कल केली, कुणी रंगावर घसरलं, कुणी ‘हिला मासळी बाजारात बसवा’ म्हणालं. मला खरोखर राग आला. (मला राग येतो. फक्त तो घरात कुणी मनावर घेत नाही.) म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये चैताली चाहते मंडळ निघालं आणि त्या मंडळाची एक उत्तर समिती. समितीत दोघं. मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन. जिग्नाबेन इतक्या शाकाहारी की मासळी बाजार आला की रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला लावतात. पण कोळ्याच्या पोरीसाठी पदर खोचून तयार!

“कदमभाई, उसके बोलने पे हँसते हैं? मेरी हिंदी पे भी पूरा स्टेशन हँसता था. छोड़ना नहीं!”

आमची पद्धत सभ्य होती. शिवी द्यायची नाही. मी एक उत्तर तयार केलं होतं: ‘खेळाडूची बोली, रंग आणि घराणं यांवरून बोलणं म्हणजे स्वतःच्या मनाचा कोतेपणा जगाला दाखवणं होय.’ (त्या ‘होय’वर मी एक आख्खी दुपार घालवली होती.) जिग्नाबेन त्याचं हिंदी करायच्या आणि मग सगळी बिल्डिंग ते उत्तर त्या माणसाखाली चिकटवायची. असा माणूस म्हणजे आमच्या भाषेत ‘हेटर’, आणि तो गप्प व्हायचाच. पहिल्या आठवड्यात दोघांनी माफी मागितली. मला तर झोपेतसुद्धा ‘होय’ ऐकू यायला लागलं.

बिघडलं ते इथेच. पुढे पुढे हे उत्तर कुणालाही मिळायला लागलं. एका बिचाऱ्याने लिहिलं, ‘चैताली छान खेळते, पण डावा पाय जरा उशिरा हलतो.’ आमच्या सगळ्या मजल्यांनी त्याला कोतेपणा चिकटवला. त्यानेही माफी मागितली, कशाबद्दल ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

“बाबा, तो फक्त पायाबद्दल बोलला होता,” माझी मुलगी ऋतुजा म्हणाली.

“पाय कुणाचा? चैतालीचाच ना? मग!”

तर असा मी पूर्ण भरात असताना तो रविवार आला. ऋतुजाचं तिच्या ऑफिसातल्या सिद्धेश मांडवकरशी जमलं होतं. दोघांचं सगळं ठरलेलं, फक्त मोठ्यांनी एकमेकांना बघून पसंत करायचं बाकी. ते लोक संध्याकाळी येणार होते. आणि त्याच वेळी मॅच!

“टीव्ही बंद राहील,” बायको म्हणाली.

“अगं, सेमीफायनल आहे.”

“आणि मुलगी एकुलती आहे!”

शेवटी तडजोड झाली. टीव्ही चालू, आवाज बंद. तोच नियम माझ्यासाठीही असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

मांडवकर मंडळी वेळेवर आली. सिद्धेश, त्याचे वडील, आई सुमनताई आणि वडिलांची मोठी बहीण, शालिनीआत्या. आत्या मधल्या सोफ्यावर मध्यभागी बसल्या आणि बोलायचं कामही त्यांनीच घेतलं. रत्नागिरीचं घर, तिथले आंबे, सिद्धेशचा पगार, सगळं त्याच सांगत होत्या. सुमनताई नुसत्या हसत होत्या.

“तुम्ही काहीच बोलत नाही?” मी आपुलकीने विचारलं.

“आमच्या सुमनचा घसा बसलाय हो,” आत्याच म्हणाल्या. “बोलूच नको म्हटलंय.”

झालं, मी पाघळलो! कोमट पाणी आणवलं. त्यात हळद. मग मध. मग ज्येष्ठमधाची काडी शोधून दिली. सुमनताई मुकाट्याने सगळं घेत होत्या. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! मिठाच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात देऊन म्हणालो, “आत बेसिन आहे. आवाज झाला तरी चालेल, घरचंच आहे.”

त्या माउलीने एकदा आत्यांकडे बघितलं आणि ती खरोखर आत गेली. आम्ही सगळे हॉलमध्ये बसून गुळण्या ऐकल्या. सिद्धेश फरशीकडे बघत होता. मला वाटलं, किती लाजाळू मुलगा!

त्या परत येऊन बसल्या आणि टीव्हीवर तो कॅच उडाला. सोपा, सरळ, ग्लव्हजमध्ये येऊन विसावलेला. आणि खाली पडला.

“अरेरे!” थोरले मांडवकर हळहळले. “हातातला सोडला. अशा कीपरला एक मॅच बाहेर बसवायला पाहिजे.”

मी उभा राहिलो. मला उभं राहायचं नव्हतं, पण हंगामभराची सवय! माझ्या तोंडून ते आख्खं उत्तर बाहेर पडलं. बोली, रंग, घराणं, कोतेपणा, अगदी ‘होय’पर्यंत.

मांडवकरांचा पोह्यांचा चमचा हवेत थांबला. “अहो, मी कॅचबद्दल बोललो.”

“आज कॅच, उद्या बोली, परवा रंग! आम्ही तुमच्यासारख्यांना चांगलं ओळखून आहोत!”

“अहो, बसा!” बायको पुटपुटली.

“बाबा!” ऋतुजा ओरडली.

मांडवकरांनी बशी टीपॉयवर ठेवली. पोहे अर्धे शिल्लक होते. मुलगी बघायला आलेल्या माणसाने अर्धे पोहे खाली ठेवले की पुढे काय होतं, ते आमच्या कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. “सिद्धेश, निघू या,” ते म्हणाले. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला.

अशा वेळी शालिनीआत्या भावाला आवरायला धावून आल्या. “बाळ्या, बस रे! अहो कदम, तुम्हीही बसा. चांगलीच आहे हो ती पोरगी. काळी असली तरी चुणचुणीत आहे. त्या लोकांतून इतकं पुढे येणं सोपं नाही! फक्त तोंड उघडलं की पंचाईत.” त्या गोड हसल्या. “हाय नि न्हाय! कुणीतरी सांगायला हवं तिला, बाई, तू नुसती खेळ, बोलू नकोस.”

आणि मी काय केलं? मला एवढंच ऐकू आलं की कुणीतरी चैतालीची स्तुती करतंय! मी विरघळलो. नारळाच्या वड्यांची ताटली उचलली आणि स्वतःच्या हाताने आत्यांच्या बशीत दोन वड्या वाढल्या. “बघा मांडवकर, आत्यांकडून शिका. याला म्हणतात चाहता!”

ऋतुजाने कपाळावर हात मारला. “बाबा, ते उत्तर आत्ता द्यायचं होतं.”

“कुणाला?” मी म्हणालो. मला खरंच कळलं नव्हतं.

“माजा घसा बसला न्हाय.”

हॉलमध्ये हा आवाज नवा होता. चांगला खणखणीत. आम्ही सगळे वळलो. सुमनताई तांब्या बाजूला ठेवत होत्या.

“माजा म्हायेर मोरव्याचा, हितं पालीच्या वाटंवरचा. कुटं पावनं जायचं झालं का वन्सं सांगतात, तू बोलू नको, लोकं हसतील. आज तं पोराचा काम. म्हून मी गप बसली.” त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. “ती पोर सगल्या जगासमोर बोलते. नि मी इथं गुलन्या करतंय!”

आत्या सोफ्यावर पुढे सरकल्या.

“सुमन, अगं मी तुझ्या भल्यासाठीच...” आत्या म्हणाल्या. त्यांच्या हातात माझी वडी तशीच होती.

“ठावं हाय, वन्सं. पन हसले तं हसू दे.”

“आई, मघाशी मीच बोलायला हवं होतं,” सिद्धेश म्हणाला. त्याचा आवाज मात्र खरोखर बसला होता.

“मीसुद्धा,” मांडवकर हळूच म्हणाले. “ताई सांगायची आणि मी ऐकायचो. लग्न झाल्यापासून.”

ऋतुजा उठून सुमनताईंना खेटून बसली. “काकी, बाबांनी पाण्यात मीठ किती घातलं होतं हो?”

“मूठभर!” सुमनताई म्हणाल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की आत्यांनाही हसू आवरेना. निदान त्यांनी वडी तोंडात घातली, म्हणजे हसू होतं की काय ते नीट दिसलं नाही.

राहिलो मी. हंगामभर जे वाक्य परक्यांवर फेकलं, ते फेकायची खरी वेळ माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर आली होती, आणि मी आत्यांना वड्या वाढल्या होत्या! ज्या बाईसाठी ते लिहिलं असं म्हणता आलं असतं, तिला मी गुळण्यांना पाठवलं होतं. आणि ज्याने फक्त मॅच बघितली, त्याला मी कोता ठरवला होता. मी मांडवकरांसमोर हात जोडले.

“माफी राहू दे,” ते म्हणाले. “कॅच सोडला होता की नाही, तेवढं सांगा.”

“सोडला होता,” मी म्हणालो. हे दोन शब्द तोंडातून काढायला मला दाढ काढण्याएवढे कष्ट पडले.

“आणि बाहेर बसवायचं?”

“ते मंडळात विचारून सांगतो.”

त्यांनी बशी परत उचलली. पोहे गार झाले होते, पण ते खात होते. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला.

एवढ्यात माझा फोन वाजला. जिग्नाबेनचा मेसेज. ‘कदमभाई, कोई कैच के बारे में लिख रहा है. जवाब डालूँ?’ मी लिहिलं, ‘रहने दो. छोड़ा तो है.’ लगेच उत्तर आलं, ‘आपका फोन किसी ने चुराया है क्या?’

निघताना सगळे लिफ्टपाशी उभे होतो. सुमनताई माझ्याकडे वळल्या.

“व्याही,” त्या म्हणाल्या. (‘व्याही’ म्हटल्याबरोबर बायकोने माझं मनगट असं दाबलं की घड्याळ बंद पडायचंच राहिलं.) “तुमी मानूस चांगलं हाव. पन समोरचा काय बोलतो, ते आदी जरा ऐकत जावा.”

इतक्या लोकांना उत्तरं दिली, पण या टीकेपुढे मी मुकाट्याने मान हलवली. मला वाटलं, बघ, सुधारलास!

तेवढ्यात बायको सुमनताईंचा हात धरून म्हणाली, “विहीणबाई, तुम्ही येत जा हो अधूनमधून हे सांगायला. मी लग्न झाल्यापासून सांगतेय, तर यांना वाटतं, घरात हेटर आहे!”