नाव घातलेलं ताट

कोमल गेल्याची बातमी मला माझ्या बहिणीच्या फोनवरून कळायला हवी होती. ती कळली कोमलच्या काकूच्या स्टेटसवरून. सकाळी शिरूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत मी उभी होते. पिशवीत मऊ खिचडीचा डबा होता, कारण आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पोरीनं बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काहीतरी खायला मागितलं होतं. मोबाईल सहज उघडला, तर समोर कोमलचा फोटो, भोवती पणत्यांची चौकट आणि खाली ‘आमची लाडकी लेक आम्हाला सोडून गेली’. बहिणीचा फोन त्यानंतर आला. लता नुसती ‘ताई, ताई’ करत होती, आणि मला ते आधीच माहीत झालेलं होतं... जिनं त्या पोरीला घरात असून घराबाहेर ठेवलं, त्या बाईकडून. गाडी लागली, गाडी सुटली, मी तिथंच बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. बरोबर आहे. मागे राहिलेल्यांविषयी तसा काही दंडक माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा हे वाचून कुणाला झोंबलं, तर ते झोंबावं म्हणूनच लिहिलं आहे, असं खुशाल समजावं.

कोमल ही माझ्या धाकट्या बहिणीची, लताची, एकुलती मुलगी. यवतपासून आत त्यांची वस्ती. शेवंती, अष्टर, झेंडू असं फुलांचं घर. हंगामात ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची इतके ढीग, आणि बाया तिन्हीसांजेपर्यंत फुलांचा तोडा करून यायच्या. घर एकत्र. कारभार थोरल्या दिरांचा, म्हणजे आप्पांचा, आणि आप्पांचा कारभार त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूचा. माझे मेहुणे शेतात वाघ, पण थोरल्या भावापुढे मान खाली घालून उभे राहणारे. लता त्यांच्या मागे, पदर ओढून. त्या घरात वर मान करून बोलायची एकटी कोमल. नाव कोमल, पण जीभ विळीसारखी. सातवीत असताना तिनं आप्पांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, “तोडा आम्ही करायचा, आन् बाजारातल्या पट्टीचं पैसं तुमच्याच खिशात का वो?” आप्पा तेव्हा हसले होते. पोरगी तेव्हा धडधाकट होती ना, धडधाकट पोरीचा आगाऊपणा चालतो.

चौदाव्या वर्षी तिला ताप आला आणि हटेना. अंगावर निळसर डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त. दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तडक पुण्याला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर. हा शब्द त्या घरात पडला आणि सगळे आवाज बारीक झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र नीट बसवून सांगितलं, की लहान वयात हा आजार पुष्कळदा बरा होतो, औषधं लांबलचक असतात, धीर धरा. आणि एक ताकीद दिली. औषधांनी हिची प्रतिकारशक्ती पार खाली जाईल, आपल्याला साधी वाटणारी सर्दीसुद्धा हिच्या जिवावर उठेल. म्हणून ताजी फुलं हिच्या खोलीत नकोत, कच्चं काही द्यायचं नाही, आणि हिची भांडी उकळत्या पाण्यानं धुऊन वेगळी झाकून ठेवा. मी तिथं हजर होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

काकू दौंडच्या बाजारात गेली आणि स्टीलचं ताट, वाटी, तांब्या असा नवा संच घेऊन आली. त्यावर दुकानातच नाव घालून आणलं, ‘कु. कोमल’. आपल्याकडे भांड्यावर नाव पडतं ते लग्नात, बारशाला, हौसेनं. पोरगी हरखली. डोक्यावरचे केस गेलेले, औषधांनी तोंड टोपलीएवढं सुजलेलं, आणि त्या तोंडभर हसत मला दाखवते, “मावशी, बघ, माझ्या नावाचं ताट! लगीन व्हायच्या आधीच!” मलाही कौतुक वाटलं. काकूला मी तोंडभरून चांगलं म्हटलं, ते शब्द अजून मला टोचतात.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा उलगडा झाला. तो संच स्वयंपाकघरातल्या मांडणीत नव्हताच. मागच्या दारी, न्हाणीच्या कडेच्या दगडावर पालथा घातलेला होता. धुवायचा वेगळ्या काथ्यानं, आणि तोही लतानंच. कोमलला वाढायचं ओसरीच्या कोपऱ्यात, बाकीच्यांची पंगत आत. चुलत भावंडांपैकी धाकटं पोर भाकरी घेऊन तिच्याजवळ जाऊन बसलं, तर काकूनं त्याला दंडाला धरून उठवलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, “वहिनी, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“त्यांनीच तर सांगितलं, भांडी येगळी ठेवा म्हनून.”

“अहो, तुमच्यापासून तिला काही लागू नये म्हणून. तिच्यापासून तुम्हाला काही होत नाही.”

“तेच की,” काकू म्हणाली, “येगळं ते येगळंच.”

आप्पा ऐकत होते. मेहुणे ऐकत होते. कोमलही ऐकत होती, कोपऱ्यातून, घास हातात धरून. तिनं तो घास परत ताटात ठेवला आणि ताट हळूच पुढं सरकवलं. त्या दिवसापासून तिनं आपलं ताट आईला घासू दिलं नाही, स्वतःच घासलं. अंगात ताकद नसताना, दगडावर बसून, नाव वर येईल असं घासायची.

औषधं संपली, रक्त स्वच्छ झालं, आणि मी तिला शिरूरला माझ्याकडे घेऊन आले. माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, इथं माय जिवंत असून मावशीला उरावं लागलं. तिच्या पिशवीतून कपड्यांआधी ते ताट निघालं. “हे कशाला आणलंस?” मी ओरडलेच. “असू दे, लागंल,” ती म्हणाली आणि माझ्या मांडणीत, माझ्या ताटांच्या मधोमध तिनं ते उभं केलं. माझ्याकडे ते कुणाच्याही वाट्याला यायचं. कधी मला, कधी शेजारच्या वहिनींना, एकदा तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. पाहुणे नाव वाचून विचारायचे, कोमल कोण? ती वाढता वाढता म्हणायची, “मीच. जेवा, काय होत न्हाई.”

शिरूरलाच ती बारावी झाली, पुढं पुण्यात समाजकार्याची पदवी घेतली, आणि लहानपणी रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेल्या मुलांविषयीच्या एका संशोधनात कामाला लागली. मुलं बरी होतात, पण बरी झाल्यावर जगतात कशी, हे विचारायचं काम. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके तिनं मागून घेतले. स्कूटीवरून पाबळपासून पार घोड-भीमेच्या काठापर्यंत वस्त्या पालथ्या घालायची. सुरुवातीला हात हलवत यायची. कागदावरचे प्रश्न इंग्रजीतून उतरवलेले. ‘गेल्या आठवड्यात सामाजिक सहभागात अडचण जाणवली का?’ पोरं आईकडे बघायची आणि ‘नाही’ म्हणायची. सगळं छान, सगळं आनंदी! संशोधनाच्या प्रमुख असलेल्या तिच्या मॅडमनाही ते पटत नव्हतं. त्यांनी एकदा तिलाच विचारलं, तू लहान असतीस, तर तुला काय विचारलेलं आवडलं असतं? कोमल म्हणाली, “तुझं ताट घरात कुठं असतं?”

मॅडमनी तो प्रश्न कागदावर सगळ्यांत वर लिहिला म्हणे. मग म्हणाल्या, विचार.

त्यानंतर पोरं बोलायला लागली. कुणाचं ताट खिडकीत, कुणाचं गोठ्याकडच्या फळीवर. एका मुलानं सांगितलं, माझं ताट मामाकडून येतं आणि मामाकडेच जातं, आमच्यात ठेवत नाहीत. पाबळची एक मुलगी मात्र प्रश्नावरच चिडली, “कुठं म्हंजी? मांडणीत! पण मोठं ताट दादाच घेतो कायम.” त्या दिवशी कोमल घरी आली ती नाचतच. दादाशी ताटावरून भांडणारी ती मुलगी तिनं मला पुन्हा पुन्हा ऐकवली, आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला म्हणाली, “मावशी, रक्तात पेशी किती, ते मशीन सांगतं. पोरगं बरं झालं का न्हाई, ते मांडणी सांगती.”

मग इतक्या वर्षांनी रक्ताचा आजार उलटला. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. क्वचित आमच्याच वाट्याला का, हे कुणाला विचारायचं... काकू एकदाच भेटायला आली. त्या वॉर्डात मास्क सगळ्यांनाच लावावा लागतो, त्यामुळे बाईची फार सोय झाली. दारातूनच हात जोडून, डोळ्यांना पदर लावून गेली. ती वळताच कोमलनं मला जवळ बोलावलं.

“मावशी, माझ्या तेराव्याला काकूला त्या ताटात वाढशील?”

“गप गं. काहीही बोलतेस.”

“न्हाई, खरंच. खीर वाढ भरपूर, तिला लई आवडती. ती खाती का, बघ. आन् मला सांग.”

ती हसत होती. डोळे मात्र हसत नव्हते, आणि मी हो म्हटलं.

तेराव्याला यवतच्या चौकात उतरले, तर भलामोठा फ्लेक्स. कोमलचा फोटो मधे, आणि खाली ‘शोकाकुल’मध्ये सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आप्पांचं नाव. माझ्या मेहुण्यांचं, तिच्या जन्मदात्याचं, त्याच्याखाली बारीक. घरी मांडवात पुरुषांच्या पंगती कागदी पत्रावळींवर उठत होत्या. आतल्या घरात भावकीतल्या बायकांना ताटं मांडली होती. मी वाढायला पुढं झाले. पिशवीतून ताट काढलं, पुसलं, आणि काकूसमोर ठेवलं. नाव तिच्याकडे येईल असं.

तिनं ते वाचलं. तिचा हात थांबला. माझ्या जिवाला त्या घटकेला जे बरं वाटलं, ते मी लपवणार नाही. आणि मग काकूनं हंबरडा फोडला, “अगं बया, माझ्याच हातानं आनलं होतं गं हे! किती हौशीनं नाव घातलं होतं माझ्या लेकीचं!” बायका भोवती गोळा झाल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. ‘काकू असावी तर अशी’ हेही मी ऐकलं. लता भिंतीला टेकून नुसती बघत होती. आणि काकू जेवली. डोळे पुसत पुसत, खीर दोनदा मागून घेऊन जेवली. तिनं स्वतःचं खोटं इतकं घोटलं होतं, की त्याला आता खऱ्याची चव आली होती.

माझं डोकं फिरलं. पण ओरडले असते, तर मावशीला वेड लागलं म्हणाल्या असत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी गोड आवाजात म्हटलं, “एवढ्या हौसेनं आणलेलं आहे वहिनी, तर आता तुमच्याकडेच ठेवा. मी घासून देते. तुमच्या मांडणीत ठेवा, घरच्या ताटांत. तुम्ही जेवा त्यात, नातवंडांना वाढा.”

काकूचं रडणं थांबलं. जणू कुणी नळ बंद केला. “नातवंडांस्नी?” एवढं तिच्या तोंडून निसटलं, आणि मग ती इकडेतिकडे बघायला लागली. ताट घासून मी तिच्या हातात दिलं. सगळ्या बायकांदेखत दिलं, त्यामुळे तिला ते घ्यावं लागलं. लता पहिल्यांदाच भिंतीपासून सुटली. निघताना मी मागच्या दारी गेले, कारण मला खात्री करायची होती. ताट न्हाणीच्या कडेला होतं. त्याच दगडावर, पालथं. मी ते उचलत होते तेव्हा लता माझ्यामागे उभी होती. इतक्या वर्षांत जे बोलली नाही ते ती तेव्हा बोलली, आणि मोठ्यानं, आप्पांना ऐकू जाईल असं, “ने ताई. ह्या घरात न्हाई त्याला जागा.”

तर कोमल, तू सांगायला सांगितलं होतंस म्हणून सांगते. ती जेवली. पण ताट तिनं घरात घेतलं नाही.

ते आता माझ्या मांडणीत आहे, मधोमध. रोज मी त्यात जेवते. यवतकडचं कुणी आलं तर मी मुद्दाम जेवायचा आग्रह करते, पानं घ्यायला लागते, आणि ताट मांडणीतून काढताना आवाज होईल असं काढते. चहा घेतात, गडबडीत आहोत म्हणतात, उठतात. अजून एकही जण जेवायला थांबलेला नाही.

काकू, तुमच्या घरी हा पेपर येतो, मला माहीत आहे. ताट घासून ठेवलं आहे. या जेवायला.